दादाच्या मापाची काच

आमच्या शेडमध्ये भूत आहे असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला चार खडे बोल सुनावून कामाला लावलं असतं. मी गाड्यांच्या आतली जागा आखते. माणूस कुठे बसेल, त्याचा गुडघा कशाला आपटेल, हात कुठवर पोचेल, हे बघणं माझं काम. भुताला गुडघे नसतात, तेव्हा त्याच्याशी माझा संबंध यायचं काही कारण नव्हतं.

गाडी सैन्यासाठी होती. हलकी, चिलखती, पाच माणसं आणि त्यांचं सामान नेणारी. ‘हलकी’ आणि ‘चिलखती’ हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहिणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे. गोळी आत येऊ नये म्हणून पत्रा जाड हवा, खाली सुरुंग फुटला तर धक्का दोन्ही बाजूंना फाकावा म्हणून पोट होडीसारखं निमुळतं हवं, आणि एवढं सगळं अंगावर घेऊन गाडीने चिखलातून पळायलाही हवं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. आमचे साहेब सकाळी शेडमध्ये पाय ठेवतानाच विचारायचे, “आज किती वजन उतरवलंत?” साहेबांचं स्वतःचं वजन दर वर्षी वाढत होतं, पण ते विचारायची सोय नव्हती.

दादा, म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, याच शेडमध्ये चाचणीचा ड्रायव्हर होता. आमच्याकडे गाडी आधी प्लायवूडची करतात, अगदी खऱ्या मापाची. सुतारकाका ती ठोकायचे आणि दादा तिच्यात बसायचा. कशालाच न जोडलेलं स्टिअरिंग हातात धरून तो दिवसभर ‘चालवायचा’ आणि मी बाजूला उभी राहून माझ्या आकृत्या दुरुस्त करायचे. मध्येच तो ओरडायचा, “काका, बाजूला व्हा, ब्रेक लागत नाहीये!” काका दर वेळी खरंच बाजूला व्हायचे. मग त्याला शिव्या घालायचे.

लहानपणी दादा भिंतीवरून पडला होता. डाव्या खांद्याचं हाड मोडलं आणि वाकडं जुळलं. तेव्हापासून तो खांदा जरा उतरलेला आणि मान उजवीकडे कललेली. डॉक्टर झाले, व्यायाम झाले, रात्री उशीशिवाय झोपणं झालं. “सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही,” असं म्हणून आईने शेवटी हात टेकले. वहिनीने मात्र कधीच टेकले नाहीत. जेवायला बसलं की ती त्याच्या कानशिलाला दोन बोटं लावायची, हळूच डोकं सरळ करायची आणि म्हणायची, “मान.” एवढंच. दादा आज्ञाधारकपणे सरळ व्हायचा, ती वाढायला वळली की पुन्हा कलायचा, आणि ती पुन्हा यायची. तो हे मुद्दाम करायचा. तिलाही ते ठाऊक होतं. मी समोर बसून म्हणायचे, तुमचं झालं असेल तर भाजी इकडे द्या.

चिलखती गाडीत सगळ्यात जड काय असेल, तर काच. गोळी अडवणारी काच तीन-चार बोटं जाडीची असते आणि तिची रुंदी बोटभर कमी केली तरी साहेबांच्या चेहऱ्यावर हसू फुटतं. नियमांच्या पुस्तकातल्या मापाने आखलेली समोरची काच फारच जड भरली. मग आम्ही आमच्या नेहमीच्या पद्धतीने कामाला लागलो. काका प्लायवूडच्या खिडकीत डाव्या बाजूने एकेक पट्टी ठोकत जायचे, आणि विचारायचे, “दिसतंय?” दादा म्हणायचा, “दिसतंय. अजून आणा.” पुन्हा पट्टी. “आता?” “दिसतंय.” शेवटी तो म्हणाला, “बस, आता रस्त्याची कड जाईल.” तिथे काका थांबले. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. त्या मापाची काच पक्की झाली, आकृतीवर चढली, आकृती पोलादाकडे गेली. डोळे कुणाचे होते, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. दादा बसला की गाडीत माणूस बसला, असंच आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो.

पोलादाची गाडी यायच्या आधीच दादा गेला. शेडबाहेरच्या बाकावर चहा पीत बसला होता, बसल्या बसल्या गेला. कप सांडलासुद्धा नाही. काका आत येऊन म्हणाले, “पोरी, जरा बाहेर ये.” काकांचा आवाज कधी एवढा हळू नसायचा, त्यावरूनच मला कळलं.

नवा ड्रायव्हर आला त्याला सगळे शिट्टी म्हणत, कारण तो जेवताना सोडला तर कायम शिट्टी वाजवायचा. उंच, सरळसोट, खांबासारखा ताठ. दादाच्या जागी आला म्हणून मी त्याच्याशी उगाच तुसड्यासारखी वागत होते. बिचारा तरीही “मॅडम, चहा?” म्हणून विचारायचा.

पोलादी गाडी पहिल्यांदा मैदानावर नेली, तेव्हा मी मागच्या आसनावर होते. माझं लक्ष आसनाच्या पट्ट्यांकडे होतं, त्या कुठे काचतात ते बघत होते. दोनेक फेऱ्या झाल्या असतील. मला जाणवलं की शिट्टी थांबली आहे. मी वर पाहिलं.

समोर दादा बसला होता.

हेल्मेट उजवीकडे कललेलं. डावा खांदा उतरलेला. उजवं कोपर दाराच्या कडेवर टेकलेलं आणि अंगठा त्या कडेवर टकटक, टकटक करतोय, दादा करायचा तसाच. माझ्या तोंडून निघून गेलं, “दादा, हळू.”

“काय म्हणालात मॅडम?” असं विचारत शिट्टी मागे वळला. शिट्टीचाच चेहरा होता तो, घामेजलेला.

“काही नाही. पुढे बघ,” मी म्हणाले. माझे गुडघे थरथरत होते, आणि ते कशालाही आपटले नव्हते.

पहिल्या वेळी मी मनाला समजावलं की दुःखाने माणसाला काहीबाही दिसतं. मग रजेवरच्या शिट्टीच्या जागी दुसरा ड्रायव्हर आला, बुटका आणि गोल. दुसऱ्या फेरीत तोही दादा झाला. हौस म्हणून साहेबांनी स्वतः गाडी चालवली, तर एवढा मोठा देह, पण वळणावर येईपर्यंत मान कलली, खांदा उतरला, अंगठा टकटक करू लागला. काका मैदानाच्या कडेला उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

शेड रिकामी झाल्यावर एकदा मी स्वतः त्या आसनावर बसले. ताठ बसले तर समोर डाव्या बाजूला काचेच्या चौकटीचा रुंद खांब येत होता आणि रस्त्याची डावी कड गायब होत होती. मी डोकं थोडं उजवीकडे नेलं. कड दिसली. अजून थोडं नेलं, आणि सगळा रस्ता स्वच्छ उघडला. मान आपोआप कलली होती, तोल सावरायला डावा खांदा उतरला होता, उजव्या कोपराला आधार हवा होता आणि नेमकी तिथेच दाराची कड होती, आणि मोकळा राहिलेला अंगठा तिच्यावर आपोआप टकटकायला लागला होता. ती कड दादानेच मागून घेतली होती. भुताटकी काही नव्हती. आम्ही गाडी दादाच्या डोळ्यांवर बेतली होती, आणि आता जो बसेल त्याला ती दादा करून सोडत होती.

हे कळलं म्हणून भीती गेली, असं झालं नाही. उलट मी रोज काम संपल्यावर तिथे जाऊन बसायला लागले. दार ओढून घेतलं की बाहेरचा आवाज बंद व्हायचा. दादाला जेवढं दिसायचं तेवढंच मला दिसायचं. मानेत त्याच्यासारखी कळ यायची. आपण एखाद्या गेलेल्या माणसाच्या आत बसलोय असं वाटायचं, आणि उठवायचं नाही.

वहिनीचं घर शेड आणि मैदान यांच्या मधल्या रस्त्यावर आहे, वळणावर, पहिल्या मजल्यावर. तिथे गाडी अगदी हळू करावी लागते. दादा गेल्यापासून वहिनी पडदे लावून बसायची. डबा नेला तर तसाच परत यायचा. पण त्या सुमारास मी गेले तर पडदे उघडे, खिडकीशी खुर्ची, आणि वहिनी केस नीट विंचरून बसलेली. लाडात असली की ती मला ‘वन्सं’ म्हणते, आणि रागावली की नुसतं ‘तू’.

“या वन्सं. तुमची गाडी रोज जाते खालून.”

“चाचण्या चालू आहेत.”

“कोण चालवतं?”

“शिट्टी म्हणून आहे एक. नवा आहे.”

“हो का,” ती म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मला वेड लागलेलं नाही बरं का. तो नाही हे मला कळतं. पण गाडीला तो माहीत आहे ना?”

मला रडू आलं. तिने माझ्यासमोर ताट ठेवलं आणि स्वतःचंही वाढून घेतलं. आम्ही दोघी खिडकीशी बसून जेवलो, आणि गाडी गेली तेव्हा दोघींचे घास हातात राहिले. काचेआड हेल्मेट कललेलं होतं. वहिनीची दोन बोटं मांडीवर नकळत जुळली. मी ते पाहिलं, आणि ठरवून टाकलं की या काचेला कुणालाही हात लावू द्यायचा नाही.

माझा हा निश्चय शिट्टीच्या मानेने मोडला. पठ्ठ्या एक दिवस मानेला तेल चोळत चहाला आला. “मॅडम, तुमची गाडी फार झकास आहे, पण माझी मान वाकडी करून ठेवली हिने. आई विचारते, कुणाच्या खिडकीत डोकावतोस?” सगळे हसले. मी हसले नाही. मी उठून गाडीकडे गेले, त्याला आत बसायला लावलं आणि मागून बघत राहिले.

आसनाला डोकं टेकायची उशी मधोमध होती. शिट्टीचं कललेलं डोकं उशीच्या बाहेर होतं, आणि त्याच्या कानशिलापासून दाराच्या पोलादी खांबापर्यंत माझी चार बोटं जेमतेम गेली. खाली सुरुंग फुटला तर आसन क्षणात वर उचललं जातं. ताठ माणसाला उशी सावरते. कललेल्या माणसाला सावरायला तिथे फक्त खांब आहे.

सुरुंगाची चाचणी तोंडावर आली होती. त्या चाचणीत माणसाच्या जागी पुतळा बसवतात, माणसाच्याच वजनाचा, आत मोजमापाची यंत्रं असलेला. पुतळ्याला रस्ता बघायचा नसतो. तो नियमाप्रमाणे ताठ बसणार, उशी त्याला सावरणार, गाडी पास होणार आणि अशा शेकडो गाड्या बनणार. शेकडो ड्रायव्हर मान कलवून बसणार. आणि मी गप्प राहिले तर कुणाला कधी कळणारही नव्हतं.

मी वहिनीला सांगितलं. खरं तर मला तिची परवानगी हवी होती, पण कशाची ते माझं मलाच ठरवता येत नव्हतं.

तिने खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली, “काच मोठी केली, तर मग तो दिसणार नाही.”

“नाही.”

“तो गेला तेव्हा मी घरी कपडे वाळत घालत होते. मला काही करता आलं नाही, कुणालाच आलं नाही. आता तू त्याला स्वतःच्या हाताने घालवणार?”

“वहिनी, त्या पोराला आई आहे, त्याची मान...”

“तू जा,” ती म्हणाली. तिने पडदा ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर उभी राहिले तेव्हा माझे डोळे सुजलेले होते आणि जीभ नेहमीपेक्षा धारदार. मी म्हणाले, काच चुकली आहे. साहेब म्हणाले, काच पक्की झाली आहे. मी म्हणाले, या गाडीत माणूस ताठ बसत नाही. ते म्हणाले, पुस्तकात तसाच बसतो. मी म्हणाले, मग पुस्तकालाच गाडी चालवू द्या.

साहेबांनी चष्मा काढला. “काच वाढवायची म्हणजे वजन वाढणार. वजन वाढलं की सगळं आभाळच फाटलं, कुठे कुठे ठिगळ लावू? मला खात्री कशी पटावी?”

“पुतळा कललेला बसवा. आणि फोडा.”

“किती कललेला? कोण सांगणार?”

“मी सांगेन,” मी म्हणाले. “माझ्याएवढं कुणाला माहीत नाही.”

साहेब माझ्याकडे बघत राहिले. तेही त्या आसनावर बसले होते. त्यांना काय समजलं ते मला ठाऊक नाही, पण त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि होकार दिला.

चाचणीच्या सकाळी शेडमधून निघताना फाटकाशी वहिनी उभी होती. घरातल्या साडीवरच आली होती. तिने माझ्या हातात एक कापडी पिशवी दिली. आत दादाचा कामावरचा शर्ट होता, धुऊन इस्त्री केलेला.

“उघडा बसवतात ना त्याला?” तिने विचारलं. “नको. हा घाल.” आणि वळून निघून गेली.

मी पुतळ्याला शर्ट घातला. चाचणीवाल्यांनी भुवया उंचावल्या, पण माझा चेहरा बघून गप्प बसले. मग मी मान कलवली. पुतळ्याची मान ताठ असते, दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. पट्टीने ती तशीच बांधून ठेवली. कोपर कडेवर टेकवलं, अंगठा बाहेर काढला. काका माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“खांदा अजून थोडा खाली, पोरी,” ते म्हणाले.

मी खांदा खाली केला, आणि आमच्या दोघांच्याही समोर दादा बसला. या वेळी दुसऱ्या कुणाच्या आड लपून नाही, एकटाच. बाहेरून दार लावायचं होतं. ते दार जड आहे, एकट्या माणसाला झेपत नाही. काकांनी आणि मी मिळून लावलं.

आम्ही लांब, मातीच्या बांधाआड होतो. जमीन आधी हलली, आवाज मागून आला. धूळ खाली बसायला खूप वेळ लागला. मी धावले. मला अडवत होते, पण मी कुणाचं ऐकणारी नाही हे सगळ्यांना माहीत आहे. दार उघडलं तेव्हा आत बाकी सगळं जागच्या जागी होतं. पोट फाटलं नव्हतं, मागचे चार पुतळे ताठ बसले होते, एकालाही फारसं लागलं नव्हतं. फक्त पुढच्याचं डोकं खांबावर आपटून मान मोडली होती. शर्टावर धूळ होती. मी त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि मला हुंदका आवरला नाही. एवढ्या लोकांसमोर मी लाकडाच्या ओंडक्यासारख्या त्या पुतळ्याला छातीशी धरून रडले. दादा गेला त्या दिवशी मी अशी रडले नव्हते. त्या दिवशी पाहुण्यांचा चहा बघत होते.

शिट्टी बाजूला उभा होता. त्याने मोडलेली मान पाहिली आणि त्याचा हात स्वतःच्या मानेकडे गेला.

साहेबांनी काच वाढवली. वजन भरून काढायला मागचं सामानाचं कपाट निम्मं केलं, आणि महिनाभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. नवी काच बसवलेली गाडी निघाली त्या दिवशी मी मैदानावर गेले नाही. मी वहिनीकडे गेले. ती दार उघडेल की नाही याची खात्री नव्हती. तिने उघडलं, पण ‘या’ म्हणाली नाही. मी खिडकीशी उभी राहिले. खुर्ची तिथेच होती, पण ती खुर्चीत बसली नाही. माझ्या मागे कुठेतरी उभी होती.

गाडी वळणावर आली आणि हळू झाली. मोठ्या काचेआड हेल्मेट अगदी सरळ होतं. खांदे सारखे. हात दोन्ही स्टिअरिंगवर. ओठ पुढे काढलेले होते, म्हणजे पोरगा शिट्टी वाजवत होता. कुणीतरी परकाच माणूस एक गाडी चालवत होता, आणि गाडी त्याला ओळखत नव्हती. ती वळली आणि गेली.

मागून वहिनी म्हणाली, “ताठ बसतो.”

“हो.”

“आई आहे म्हणालीस ना त्याला?”

“आहे.”

मी रिकाम्या वळणाकडेच बघत राहिले. मागे वळून तिच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती. तिची पावलं जवळ आली, थांबली. मग माझ्या कानशिलाला दोन बोटं लागली, आणि माझं डोकं कुणीतरी हळूच सरळ केलं.

“मान,” वहिनी म्हणाली.

तेव्हा मला कळलं की मी कशी उभी होते. रोज काम संपल्यावर त्या आसनावर बसून बसून माझी मान कलायला शिकली होती, डावा खांदा उतरला होता. वहिनीलाही आपण काय केलं ते त्याच क्षणी कळलं असावं, कारण तिची बोटं हवेत तशीच राहिली. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

मी क्षणभर सरळ उभी राहिले. मग मान पुन्हा कलू दिली, आणि ती परत कधी हात लावते याची वाट बघत राहिले.